शहापूर विणकर फुटबॉल संघाला मालक नाही याबद्दल

प्रति,
मेहेरबान कलेक्टर साहेब,
जिल्हा बेळगाव,
यांचे हुजुरास.

अर्जदार : सिद्राम यमनाप्पा ढवळी, धंदा हातमाग, राहणार शहापूर (संस्थान हद्द).

विषय : अर्जदाराचा भाऊ बसवंत यास ढालीच्या चोरीच्या खोट्या फिर्यादीतून मोकळा करण्याबद्दल, आणि अर्जदाराचे यापूर्वीचे चारही अर्ज रद्द समजण्याबद्दल.

संदर्भ : अर्जदाराचे चालू सालातील सदर चार अर्ज व त्या चारींवर मिळून आलेले एकच उत्तर, की "हा विषय इकडील कक्षेत येत नाही."

महोदय,

१. अर्जदाराचे नाव हुजूर कचेरीत नवीन नाही. तो जिना चढू लागला की आपले कारकून एकमेकांस "फुटबॉल आला" असे म्हणतात, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. त्याबद्दल या अर्जात तक्रार नाही, ती वेगळी करण्यात येईल. मागील चार अर्जांत अर्जदाराने असे लिहिले होते की, निपाणीचे तंबाखूचे व सुताचे व्यापारी तवनाप्पा सातगोंडा बोरगावे यांनी चालविलेला फुटबॉल संघ हा शहापूरचा संघ नव्हे, तो तोतया आहे, आणि त्यास आमचे नाव लावण्याची मनाई व्हावी. आज अर्जदार नेमके त्याच्या उलट लिहीत आहे. तो संघ आमचाच आहे. पन्नाशीकडे झुकलेला माणूस असा उलटा का फिरला हे कळण्यास हकीकत मुळापासून वाचावी लागेल. हुजुरांस सवड नसेल. परंतु अर्जदाराचा धाकटा भाऊ शनिवारपासून आपल्या फौजदारांच्या कोठडीत बसला असल्याने ती सवड काढणे आपणांस प्राप्त आहे.

२. शहापूर विणकर फुटबॉल संघ कोणा एकाने काढला नाही. छावणीतले गोरे शिपाई खेळत, आणि शहापूरचे विणकर बाजाराहून परतताना कुंपणाबाहेर उभे राहून पाहात. एकदा चेंडू कुंपणावरून बाहेर आला. तो मागण्यास आलेल्या शिपायाला अर्जदाराचा मित्र परशराम याने तो हाताने न देता पायाने दिला. चेंडू शिपायाच्या डोक्यावरून थेट पलीकडच्या गोलाजवळ जाऊन पडला. शिपाई टोपी काढून हसू लागला. परशराम अनवाणी होता. खड्ड्यातल्या मागावर बसून जन्मभर पावड्या दाबणाऱ्या माणसाच्या पायात काय असते हे त्या शिपायास ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोवर आम्हांसही नव्हते. पुढच्या आठवड्यात अनगोळच्या वाटेवरील पडक्या माळावर बांबू रोवले गेले. साड्यांचे उरलेले ताणे एकत्र करून सदरे विणले. ज्याच्या घरी जो काठ उरला तो त्याच्या सदऱ्याला, म्हणून आमच्या अकरा जणांत दोघांचे सदरे सारखे नसत. लोक हसत. पण लांबून कोण कुठे आहे ते काठावरून ओळखता येई, हा फायदा हसणाऱ्यांच्या लक्षात आला नाही.

अर्जदार संघाचा कप्तान होता. संघाने पुष्कळ सामने जिंकले, मिरजेपर्यंत नाव झाले, परंतु बक्षिसाची ढाल म्हणून कधी मिळाली नाही. शेवटच्या सामन्यात काही ना काही आडवे येई. बसवंत हा अर्जदारापेक्षा बराच लहान. वडील वारले तेव्हा तो रांगत होता. त्यास अर्जदाराने व अर्जदाराच्या कुटुंबाने, म्हणजे चंपाबाईने, पोटच्या पोराप्रमाणे वाढविले. त्यास माग शिकविला अर्जदारानेच, आणि चेंडूही अर्जदारानेच.

३. मग लढाई लागली आणि सूत नाहीसे झाले. सूत नाही तर माग नाही, माग नाही तर माणूस गावात कशाला राहील? कोणी इचलकरंजीस गेले, कोणी मुंबईच्या गिरणीत. परशराम पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला, त्याचे पत्र नाही. माळावरच्या गोलाच्या बांबूंवर बायका रंगवलेले सूत वाळत घालू लागल्या, तेही मिळेल तेव्हा. संघ मेला असे लोक म्हणत. अर्जदार म्हणे, तो निजला आहे.

४. गेल्या दिवाळीत शेठ तवनाप्पा बोरगावे यांस आमच्या भागातील विणकरांना सूत वाटण्याचा परवाना मिळाला. त्यांनी बनशंकरीच्या देवळात सर्वांस बोलाविले. मागे भिंतीशी सुताचे गठ्ठे रचून ठेवले होते आणि पुढे शेठजी गालिचावर बसले होते. लोक शेठजींकडे तोंड करून गठ्ठ्यांकडे पाहात होते. शेठजी म्हणाले, "सूत बी देतो आणि तुमचा संघ बी परत उभा करतो. बॉल माझा, बूट माझं, मॅनेजर माझा. फकस्त माझं नाव फुडं लावायचं आणि मालक म्हनून मला मानायचं." हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले. ते हात कशासाठी वर झाले हे गठ्ठ्यांना ठाऊक आहे.

अर्जदार उठून म्हणाला, "शेठजी, संघाला मालक नसतोय. होळीला मालक असतोय काय?"

शेठजी म्हणाले, "लाकडं ज्येची, होळी त्येची."

यावर सारे देऊळ हसले. ज्यांच्याबरोबर अर्जदार वीस वर्षे खेळला तेही हसले. ते हसणे अर्जदारास लागले आहे व अद्याप बुजलेले नाही, हे तो लपवीत नाही. या शेठजींनी उभ्या जन्मात चेंडूस पाय लावलेला नाही. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात हे त्यांस पहिल्याच सामन्यात प्रथम कळले, आणि आपला गोल दुसऱ्यास दिला म्हणून त्यांनी पंचाकडे तक्रार केली. असा माणूस मालक.

५. मॅनेजर म्हणून शेठजींनी आणला तो हवालदार रवळू देसूरकर, राहणार गुंजी, पलटणीचा पेन्शनर. या मनुष्याविषयी अर्जदाराचे मत वाईट आहे. तो उद्दाम आहे. तो शिट्टीने बोलतो. त्याने विणकरांच्या पोरांच्या पायांत कातडी बूट घातले. पोरांच्या टाचांना फोड आले, तरी तो त्यांस रोज नाक्यापर्यंत पळवीत असे. बिडी ओढणाऱ्यास तो मैदानात पाऊल टाकू देत नसे, आणि संघाचा मालक तंबाखूचा व्यापारी! निवड करताना त्याने कोणाची भीड ठेवली नाही. शेठजींच्या भाच्यास त्याने पहिल्याच दिवशी घरी पाठविले, एवढे मात्र त्याच्या बाजूचे आहे.

अर्जदार त्या दिवशी माळावर गेला होता. जुना सदरा घालूनच गेला होता. दोन फेऱ्या पळून झाल्यावर हवालदार जवळ येऊन सर्वांसमक्ष म्हणाला, "अण्णा, पाय अजून बेस हाईत तुमचं, पन दम न्हाय ऱ्हायला. तुमी असं करा, माझ्या हाताखाली पोरांस्नी शिकवा."

अर्जदार म्हणाला, "मला सांगनारा तू कोन रं? ह्या माळावरचं दगड वेचल्यात मी." आणि तेथून निघून आला. त्या आठवड्यापासून शेठजींच्या दिवाणजीने सूत वाटताना अर्जदाराचे नाव गाळले. विचारले असता तो म्हणाला, जे संघाचे, त्यांचे आधी. पुढे आधीही आले नाही आणि मागूनही आले नाही.

६. अर्जदाराचा माग थांबला. ज्यांच्या घरात माग नाही त्यांस हे समजणार नाही. विणकराच्या घरी धोट्याचा आवाज बंद झाला की शेजारी डोकावून जातात, कोणी आजारी आहे का म्हणून. चंपाबाई दुसऱ्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरण्यास जाऊ लागली. अर्जदार घरी बसून हुजुरांस पहिला अर्ज लिहीत असता तिने विचारले, "त्यो कागद वाचून साहेब सूत देनार हाय व्हय?" अर्जदार म्हणाला, हा सुताचा प्रश्न नाही, संघाच्या नावाचा आहे. ती म्हणाली, "मग बॉल शिजवून वाढू काय पोरांस्नी?" अर्जदाराने अर्ज पुरा केला.

बसवंत शेठजींच्या संघात गेला. अर्जदाराने त्यास जाऊ नको म्हटले नव्हते. न सांगता त्यास कळायला हवे होते. तो गेला, कप्तान झाला, आणि आषाढात, पाऊस झोडपीत असताना, सुताचा गठ्ठा खांद्यावर घोंगडीखाली झाकून घरी आला. म्हणाला, "अण्णा, ही माझी वाटनी. माग चालू कर."

अर्जदाराने तो गठ्ठा उचलून बाहेर वाटेवर टाकला. चिखलात पडून सूत भिजले. बसवंतने बाहेर जाऊन ते गोळा केले, पिळले, पुन्हा घोंगडीत गुंडाळले, आणि दारातून एवढेच बोलला, "माझ्यावर राग काढ की. सुतानं काय केलंय तुझं?" दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन वडगावला सासुरवाडीच्या गल्लीत राहावयास गेला. त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नाही.

७. इकडे संघ जिंकू लागला. हुजुरांनी युद्धनिधीसाठी ढालीचे सामने जाहीर केले होते, त्यांत एकेक संघ मागे टाकीत हे पुढे चालले. शहापुरात रस्त्यावर पोरे नाचू लागली. ज्या देवळात लोक अर्जदारास हसले त्याच देवळात संघासाठी नारळ फुटू लागले. अर्जदारास जो भेटे तो म्हणे, काय अण्णा, संघ उठला की! अर्जदार म्हणे, उठलेला संघ आमचा नव्हे. लोक त्यास टाळू लागले. तेव्हा अर्जदाराने दुसरा, तिसरा व चौथा अर्ज केला. चौथ्या अर्जात त्याने अशीही मागणी केली होती की, हा संघ जिंकल्यास तो जय शहापूरचा धरू नये, हरल्यास मात्र ती हार बोरगावे यांच्या नावे मांडावी, आणि टाळ्या वाजविणारांस याची समज देण्यात यावी. त्या वेळी हे अर्जदारास अगदी वाजवी वाटत होते.

८. शेवटचा सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी छावणीच्या मैदानावर, तेथील एका पलटणीच्या संघाशी झाला. हुजूर स्वतः ढाल देण्यास हजर होतात, तरी आपण जे पाहिले नाही ते अर्जदार सांगतो. हे त्यास पुढे हवालदाराने व गोलकीपर भरमाने, दोघांनी निरनिराळे सांगितले, आणि दोघांचे जुळते.

खेळाडू तंबूत बूट बांधीत असताना शेठजी आत आले व म्हणाले, "आज हरायचं. साहेब लोकांची ढाल साहेब लोकांकडंच ऱ्हाऊ दे. माझा रावसाहेबकीच्या किताबाचा कागद वर गेलाय. एवढं केलंसा तर वर्षभर सुताला कमी पडू देनार न्हाय."

हवालदार देसूरकर म्हणाला, "शेठ, मागं फिरा म्हनायला मला पलटणीत कुनी शिकवलं न्हाय. पोरांस्नी हे मी सांगनार न्हाय."

शेठजी म्हणाले, "मग तू आत्तापासनं मॅनेजर न्हाईस."

हवालदाराने गळ्यातली शिट्टी काढून शेठजींच्या हातात दिली आणि तो तंबूबाहेर पडला.

९. अर्जदार त्या दिवशी घरी असे सांगून निघाला होता की टिळकवाडीस वकिलाकडे जातो. तो वकिलाकडे गेला नाही. तो मैदानावर गेला, आणि शहापूरच्या लोकांत न बसता पलीकडच्या बाजूस आंब्याखाली उभा राहिला. संघ हरावा अशी त्याची इच्छा होती. ती इच्छा त्याने बनशंकरीस बोलूनही दाखविली होती. अर्ज खरा असावा लागतो म्हणून लिहिले.

पहिल्या भागात पोरे मेल्यासारखी खेळली. चेंडू पायात आला की बाहेर मारीत. पलटणीने एक गोल केला. अर्जदाराची इच्छा पुरी होत होती, आणि त्यास ते बघवेना. विणकराने ताणा मुद्दाम तोडावा तसे ते दिसत होते. एवढ्यात बाजूस कोणी येऊन उभे राहिले. पाहतो तो हवालदार, डोळे लाल. अर्जदाराने विचारले, "ही कसली घान चाललीया?" तेव्हा त्याने तंबूतली गोष्ट थोडक्यात सांगितली.

मध्यंतरात अर्जदाराने काय केले ते भरमाशिवाय कोणास माहीत नाही असे त्यास वाटते, परंतु काहींनी पाहिले असण्याचा संभव आहे. तो मैदानाच्या कडेने चालत संघ बसला होता तिथपर्यंत गेला. बसवंत गुडघ्यांत मान घालून बसला होता, त्याने अर्जदारास पाहिले नाही. अर्जदार भरमाला म्हणाला, "सूत शेठचं असंल. पाय कुनाचं हाईत ते इचार तुझ्या कप्तानाला. पन मी आलो व्हतो म्हनून सांगू नगंस." आणि मागे न पाहता परत आंब्याखाली आला.

दुसरा भाग हुजुरांनी पाहिला आहे. वर्णन करण्याची गरज नाही, तरी काही भाग नोंदविणे जरूर आहे. शहापूरचा पहिला गोल होईपर्यंत हवालदार ओरडत होता, "बसवंत, डावीकडं!" अर्जदारास ते चूक वाटले. त्याने हवालदारास बजाविले की, तो मधनं जाणारा गडी आहे, त्याला डावीकडे काय पाठवतोस. हवालदार म्हणाला, मधे दोन धिप्पाड उभे आहेत, दिसत नाही काय. यावरून दोघांत वाद झाला, शेजारच्या गोऱ्या शिपायांनी आम्हांस गप्प राहण्यास सांगितले, आणि तेवढ्यात बसवंत डावीकडून गेला, तिथून मधे वळला, व त्याने बरोबरी केली. म्हणजे वाद मिटला नाही.

दुसरा गोल शेवटी शेवटी झाला. लांबून. अर्जदाराने वीस वर्षे अनवाणी पायाने चेंडू मारला, परंतु तेवढ्या लांबून तेवढ्या वेगाने तो कधी गेला नाही. तो बुटानेच जाऊ शकतो. हे लिहिताना अर्जदारास आनंद होत नाही. त्यानंतर अर्जदाराचा घसा दोन दिवस बसला होता, तो मैदानावरील धुळीने.

१०. ढाल मिळाल्यावर शेठजी हुजुरांपुढे कमरेत वाकून म्हणाले की, संघाचा मालक या नात्याने ही ढाल मी पलटणीस नजर करतो. आपण तेव्हा मान हलविली. ती होकाराची होती की माशी हाकलण्याची, हे अर्जदारास आंब्याखालून समजले नाही, व आजच्या प्रकरणात तो मुद्दा महत्त्वाचा आहे. तोपर्यंत ढाल पोरांच्या खांद्यावर चढून फाटकाबाहेर गेली होती. ती वाजतगाजत नाका ओलांडून संस्थान हद्दीत शिरली आणि देवीपुढे ठेवली गेली. शेठजींनी त्याच संध्याकाळी बसवंतवर चोरीची फिर्याद दिली, सर्व खेळाडूंचे सूत बंद केले, आणि संघ मोडला म्हणून दवंडी पिटविली. आपल्या पोलिसांस संस्थानात कागदाशिवाय येता येईना. ते नाक्याच्या अलीकडे उभे राहिले, आमची पोरे पलीकडे. आठवडाभर असे चालले. शनिवारी बसवंतच्या घरी दिव्याला रॉकेल नव्हते. तो बाजाराला बेळगावात उतरला आणि शनिवार खुटाच्या चौकात धरला गेला. रिकामी बाटलीही फौजदारांनी पुराव्यात धरली आहे.

११. अर्जदार कोठडीकडे गेला, पण त्यास भेटू दिले नाही. फौजदारांनी त्यास बसविले व विचारले, संघ कोणाचा? अर्जदार म्हणाला, शहापूरच्या विणकरांचा. तेव्हा फौजदारांनी शेठजींच्या वकिलाने दाखल केलेल्या नकला पुढे ठेवल्या. त्या अर्जदाराच्याच चार अर्जांच्या होत्या. फौजदारांनी मोठ्याने वाचून दाखविले : "सदरहू संघ शहापूरचा नसून बोरगावे यांची खासगी बाब आहे." पुन्हा दुसऱ्या अर्जातून : "या संघाशी विणकर समाजाचा काडीमात्र संबंध नाही." म्हणाले, "आता सांगा, ढाल कोणाची झाली? ज्याचा संघ त्याची. आणि नेली कोणी? तुमच्या भावाने."

शेठजींची फिर्याद उभी आहे ती अर्जदाराच्या शब्दांवर. भावास कोठडीत कोणी घातले, याचे उत्तर बाहेर शोधण्याचे अर्जदारास कारण उरले नाही. तो घरी आला व चंपाबाईस हे सांगितले. ती उठून चुलीकडे वळली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

१२. त्या रात्री जेवणवेळेस हवालदार देसूरकर आला. अर्जदाराने त्यास बस म्हटले नाही, तरी तो बसला. म्हणाला, "अण्णा, आपलं वैर ऱ्हाऊ द्या जिथल्या तिथं. पोरगं आत हाय." तो बसवंतास जामीन राहण्यास तयार आहे, तसे त्याने लिहून दिले आहे. दुसऱ्या दिवशी देवळात विणकर जमले. या वेळी मागे गठ्ठे नव्हते. असे ठरले की संघ सर्वांचा राहील व तो मोडलेला नाही, आणि मॅनेजर म्हणून हवालदारासच ठेवावे. अर्जदाराने त्यास दुसऱ्यांच्या आधी हात वर केला, आणि हवालदाराच्या हाताखाली पोरांस शिकविण्याचे काम पत्करले. यावरून त्याचे हवालदाराविषयीचे मत बदलले असे मात्र कोणी समजू नये. तो अजूनही बसवंतास डावीकडूनच पाठविणार आहे.

१३. सबब अर्जदार आपले चारही अर्ज मागे घेतो. ते रागाने लिहिले होते. संघ परत उभा राहिला तो शेठजींच्या सुताने व बुटांनी, हे अर्जदार नाकारीत नाही. परंतु गावच्या विहिरीतला गाळ ज्याने काढविला त्याची विहीर होत नाही. आणि पाणी लागल्यावर तीच विहीर बुजवू म्हणणाऱ्याचा तर पोहराही तिच्यात सोडू देऊ नये. शेठजींनी सूत दिले ते परवान्याने, सरकारच्या हुकुमाने, विणण्यासाठी. ते त्यांनी माणसे बांधण्यास वापरले. याची चौकशी व्हावी, त्यांच्याकडून सूतवाटप काढून घ्यावे, आणि रावसाहेबकीचा जो कागद वर गेला आहे तो खाली बोलावून त्यास हा अर्ज टाचून पुन्हा वर पाठवावा.

१४. ढाल सध्या कोठे आहे असे फौजदार विचारतात. ती अर्जदाराने आज सकाळी स्वतः नाक्यावरून आपल्या हद्दीत आणली आहे. आपल्या शिपायाने ती कचेरीत नेऊ दिली नाही म्हणून अर्जदार ती घेऊन बाहेर आवारात बसला आहे. चंपाबाई, हवालदार व काही विणकर बरोबर आहेत. ढाल ज्याच्या हाती तो चोर, असा कायदा असेल तर चोर आता अर्जदार आहे, आणि बसवंतास ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही.

तेही हुजुरांस मान्य नसेल तर अर्जदाराची एकच शेवटची विनंती आहे, ती तरी आपल्या कक्षेत यावी. त्यासही बसवंतच्याच कोठडीत टाकण्यात यावे. दुसऱ्या कोठडीत नको. दोघे आषाढापासून बोललेले नाहीत. बसवंतास अजून वाटते की, अण्णा सामन्यास आला नाही. तो दुसरा गोल अर्जदाराने पाहिला, हे त्यास सांगावयाचे आहे, आणि एवढ्या लांबून मारताना त्याने पाय कसा धरला, ते विचारावयाचे आहे. शेठजी, फौजदार व कारकून यांच्याशी झालेली सर्व भांडणे त्यानंतर चालू ठेवण्यास अर्जदार तयार आहे.

हुजुरांशी नम्र, इतरांशी नाही,

सिद्राम यमनाप्पा ढवळी

बेळगाव, कचेरीचे आवार
तारीख ९ ऑक्टोबर १९४४

सोबत : १. हवालदार रवळू देसूरकर यांचे जामीन राहण्याबद्दलचे लेखी.
२. शहापूरच्या विणकरांच्या सह्या व अंगठे.
३. ढाल एक. जोडलेली नाही. मागितल्यास दाखविण्यात येईल, देण्यात येणार नाही.

शेरा, हुजूर कचेरी, त्याच दिवशी :
आरोपी बसवंत यमनाप्पा यास जामिनावर सोडले. सूतवाटपाची चौकशी मामलेदारांकडे पाठविली. पुढील हुकूम होईपर्यंत ढाल विणकरांकडे राहू द्यावी. अर्जदार व आरोपी हे दोघे भाऊ, व त्यांच्याबरोबरचा पेन्शनर हवालदार, दुपारपासून आवारात मोठमोठ्याने हुज्जत घालीत असून चेंडू डावीकडून न्यावा की मधून याबद्दल कारकुनांतही दोन पक्ष पडले आहेत. कामाचा खोळंबा होतो. तिघांस फाटकाबाहेर काढावे.